गयेत सोडलेलं जांभूळ

डॉक्टरांनी जांभळं खायला सांगितली, तेव्हा माझा नवरा उमेंद्र चक्क खूश झाला. "जमत नाही साहेब, मी जांभूळ गयेत सोडलं," म्हणाला. पथ्य टाळायला त्याला आयतं कारण मिळालं होतं.

माझे सासरे रूपलाल लकव्यानं गेले. साखर, बीपी, वाढलेलं पोट, सगळंच होतं त्यांना. गयेला पिंडदान करताना उमेंद्रनं त्यांच्या नावानं जांभूळ सोडलं. बापलेकांना ते सारखंच आवडायचं. आपण सोडलेलं पितरांना पोचतं, अशी आमच्याकडची समजूत.

आता उमेंद्रचंही तेच चाललंय. रक्तवाहिन्या कडक होऊ लागल्यात म्हणे. गोळ्या चालू ठेवा, चाला, गोड बंद करा आणि त्याऐवजी मूठभर जांभळं खा, असं डॉक्टर म्हणाले. जांभळाचा नेम पाळणारा हा माणूस कोहमारा गावच्या ढाब्यावर जलेबी मात्र रोज खायचा. जलेबी गयेत सोडली नव्हती ना! माझी चिडचिड व्हायची, आणि भीतीही वाटायची.

परवा शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाची जांभळं आणली. माझ्या सासूबाई सुखवंता ओसरीवर ती चघळत बसल्या. तोंडात दात नाहीत, तरी वर्षभर त्या या एकाच फळाची वाट बघतात. मी वाटी उमेंद्रपुढे ठेवली. त्यानं सरकवली.

"काऊन नाई खात?" सासूबाईंनी विचारलं.

"माय, बाबाच्या नावानं सोडलं ना."

"तुया बापाले पाणी बी गिळता येत नोतं शेवटी. मीनं पाह्यलं. तुयं बी तसंच पाहू का?"

सासूबाई उठल्या, मोरीवर जाऊन चूळ भरली आणि सासऱ्यांच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या.

"आयकता ना? पोराच्या बदल्यात जांभूळ आता मीनं सोडलं. तुमचं तुमाले भेटत राहीन. याले खाऊ द्या."

मग वाटीतलं एक उचलून त्यांनी त्याच्या ओठाशी नेलं. मला बघवेना. त्यांची जीभ अजून जांभळीच होती.

उमेंद्रनं तोंड उघडलं. खाता खाता तो रडत होता. बी टाकायला सासूबाईंनी आपला तळवा त्याच्यापुढे धरला.