शनिवार ते सोमवार निरंक

राखेतली रेघ साडेतीन मिलिमीटर लांब होती. तिचं पूर्वेकडचं टोक बारीक होतं आणि पश्चिमेकडचं किंचित फुगीर. मी भिंग बाजूला ठेवलं आणि आकडा सांगितला.

"साडेतीन," म्हणत अण्णांनी तो नोंदवहीत लिहिला. "परवा तीन होता. वाढतंय, प्रभे."

मग त्यांनी पोस्टकार्डाच्या कडेनं ताटातली राख पुन्हा सपाट केली.

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत तुळईला एक गवंड्याचा ओळंबा टांगलेला होता. त्याच्या टोकाला शिवणाची सुई, आणि सुईखाली चाळलेल्या राखेचं पितळी ताट. जमीन हलली की सुई राखेत रेघ काढणार. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, अशा तीन वेळा तपासणी. अण्णा, म्हणजे माझे वडील वेणीमाधव औसेकर, जेऊरला स्टेशनमास्तर होते. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी मिनिटासकट वहीत चढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर गाड्या संपल्या, वही राहिली.

सदुसष्ट साली कोयनेचा भूकंप झाला, त्या पहाटे अण्णा उठून बसले आणि म्हणाले, "जमीन हलली." आईनं त्यांना पाणी दिलं आणि झोपायला सांगितलं. मीही हसले होते. पुढं रेडिओवर बातमी आली तेव्हा आईनं न मागता त्यांना चहा दिला. पुढच्या आठवड्यात ओळंबा आला. दोन वर्षांनी आई गेली. ओळंबा राहिला.

पहिल्या चार वर्षांत वहीत नऊ नोंदी होत्या. गेल्या दोन वर्षांत दोनशे तीन. दर शनिवारी अण्णा आठवड्याचा तपशील पोस्टकार्डावर लिहून पुण्याच्या सरकारी भूकंपमापन कार्यालयाला पाठवत. तिकडून सायक्लोस्टाइल केलेलं उत्तर येई. तारखेपुरती जागा मोकळी, ती शाईनं भरलेली: 'नमूद दिवशी कोणत्याही धक्क्याची नोंद नाही. कळावे.'

"कळलं," अण्णा म्हणत आणि ते फाईलला लावत. "दोनशे धक्के पोटात घालून बसलेत. सरकारी ऑफिसात दोन वह्या असतात. एक लिहायची, एक दाखवायची."

"पण लपवून त्यांना काय मिळणार, अण्णा?"

"नवं धरण बांधायला काढलंय. लोक घाबरले तर? तू शाळेत मुलींना गुरुत्वाकर्षण शिकव. राजकारण तुला कळायचं नाही."

दुपारी जरा आडवं झाल्यावर तीनला ते वाचनालयात जात आणि सगळी वर्तमानपत्रं पालथी घालत. आपला धक्का कुठं छापून आलाय का, ते बघायला. साडेपाचला परत. छापून आलेला नसे. मग संशय अधिक पक्का होई.

माझी अडचण वेगळी होती. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. एम.एस्सी. होऊन आठ वर्षं झाली होती, आणि शाळेतल्या प्रयोगशाळेत मोजण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. डिसेंबरात मी पुण्याला एका मुलाखतीला जाऊन आले. अण्णांना सांगितलं, शिक्षकांचं शिबिर आहे. मुलाखत त्याच भूकंपमापन कार्यालयात होती.

टेबलापलीकडं तिघे होते. मधल्या साहेबांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"औसेकर. बाळीवेस, सोलापूर. वेणीमाधव औसेकर आपले कोण?"

बाकीच्या दोघांनीही माना वर केल्या.

"वडील," मी म्हणाले.

एकानं बेल वाजवून चहा मागवला. साहेबांनी विचारलं, "ते यंत्र कुठलं वापरतात?"

"ओळंबा. आणि चुलीतली चाळलेली राख."

"हं," साहेब म्हणाले. ते हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. "त्यांची आमच्याकडे स्वतंत्र फाईल आहे."

नेमणुकीचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी शाळेच्या पत्त्यावर आलं. शास्त्रीय सहायक. निरीक्षणांची छाननी आणि नागरिकांच्या पत्रांना उत्तरं. एकतीस मार्चपर्यंत होकार कळवायचा, एक मेला रुजू व्हायचं. मी ते घडी करून लॉगॅरिदमच्या पुस्तकात ठेवलं. ते पुस्तक आमच्या घरात दुसरं कुणी उघडत नसे. रोज सकाळी वाटे, आज सांगू. मग संध्याकाळी अण्णा वही उघडून म्हणत, "वाच आकडा," आणि मी आकडा वाची. ज्या ऑफिसावर त्यांचा सहा वर्षं राग, तिथंच मी जाणार. मागं ते एकटे राहणार. हे दोन्ही एका वाक्यात कसं बसवायचं, ते मला जमत नव्हतं.

तिथं बसून त्यांच्या पोस्टकार्डाला मी काय लिहिणार, हे तरी आधी ठरवावं म्हणून एका रविवारी मी दोनशे तीन नोंदी वारांप्रमाणे मांडल्या. मंगळवार बावन्न, बुधवार सत्तेचाळीस, गुरुवार एक्कावन्न, शुक्रवार त्रेपन्न. शनिवार, रविवार आणि सोमवार शून्य. मी बेरीज पुन्हा केली. सगळ्या रेघा पूर्व-पश्चिम, आणि सगळ्या संध्याकाळी सहाच्या तपासणीत सापडलेल्या.

पृथ्वी साप्ताहिक सुट्टी घेत नाही, एवढं मला नक्की माहीत होतं.

त्याच आठवड्यात शाळेत तपासणी होती. ती लवकर आटोपली आणि बुधवारी मी साडेतीनलाच घरी आले. अण्णा वाचनालयात होते. भिंतीपलीकडून धप्, धप् असा आवाज येत होता. मी ओळंब्याकडं पाहिलं. सुई थरथरत होती. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठ्ठेचाळीस ठोके. मधूनच एक जोरकस ठोका पडला की सुई पश्चिमेला सरके.

पलीकडं शिवबाई राहत. मधली भिंत एकच आणि तुळईही एकच. दोन वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर त्या तिथं भाड्यानं आल्या आणि शेंगाचटणी करून दुकानांना देऊ लागल्या. उखळ मागच्या खोलीत, भिंतीला लागून जमिनीत बसवलेलं होतं. मी दारात उभी राहिले. भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखटाच्या वासानं मला दोन शिंका आल्या.

"यव्वा! प्रभाबाई, आज शाळा लवकर सुटली व्हय?" शिवबाईंनी मुसळ वरच्या वर धरलं.

"मावशी, जरा थांबता? मी हाक मारली की दहा ठोके घाला. मग थांबा."

"का हो? चटणीची परीक्षा घेताय का माझी?"

त्यांनी दहा ठोके घातले. मी घरात जाऊन रेघ मोजली, राख सपाट केली, पुन्हा हाक मारली. असं तीनदा केलं. दोन, तीन, तीन मिलिमीटर. पूर्व-पश्चिम.

परत जाऊन मी त्यांना राखेतल्या रेघांचं आणि पुण्याला जाणाऱ्या पोस्टकार्डांचं सगळं सांगितलं. त्या उखळाशेजारी बसल्या आणि पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यात तिखटाचा हात लागला आणि ते आणखी आलं.

"म्हंजे मास्तर ज्याला भूकंप म्हन्त्यात, त्यो मीच व्हय? दोन वरसं झाली, सरकार मला शोधायलंय की!"

"सरकार नाही शोधत. तेच तर अण्णांचं म्हणणं आहे."

"मग शनवार-रईवार?"

"तुम्हीच सांगा."

"शनवारी दुकानांला माल देतो, रईवारी बाजारात बसतो. सोमवारी कुटत न्हाय मी. सिद्धरामाचा वार हाय. बाकी दिवशी मास्तरांची झोप मोडू नये म्हनून तीनला कुटायला बसतो, पाचला उठतो." त्यांनी मुसळ भिंतीला टेकवलं. "मास्तरांना सांगनार व्हय? लई जिवाला लागंल त्यांच्या."

दोन दिवस मी सांगितलं नाही. माझ्याकडं न सांगितलेल्या आता दोन गोष्टी झाल्या होत्या. त्यांतली सोपी मी शुक्रवारी सांगितली. वारांचा तक्ता अण्णांपुढं ठेवला.

त्यांनी तो वेळापत्रकासारखा बोट फिरवत वाचला. "शनिवार निरंक. रविवार निरंक. सोमवार निरंक." वहीत काहीच नोंद नसली की ते हाच शब्द लिहीत. "हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"भूकंपाला सुट्टी नसते, अण्णा."

"मग कुणाला असते?"

"शिवबाईंना."

त्यांनी ओळंब्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. मला वाटलं, आता वही मिटतील.

"चाचणी घेतलीस?"

"दहा ठोक्यांचे तीन डाव."

"तीन पुरत नाहीत. आणि दोनशे तीनही तिचेच कशावरून?"

"बहुतेक तिचेच."

"बहुतेक हा आकडा नाही." ते उठले. "ब्लॉक घ्यायला हवा."

रूळ दुरुस्तीला काढले की तेवढ्या टप्प्यात गाड्या बंद ठेवतात, त्याला ते ब्लॉक म्हणत. अण्णा टोपी घालून शेजारी गेले. आठ दिवस उखळ बंद ठेवाल का, अशी त्यांनी रीतसर विनंती केली. शिवबाईंना तसंही मैंदर्गीला बहिणीकडं जायचं होतं. "तुमी म्हनला तर आज जातो, मास्तर," त्या म्हणाल्या. "माझ्या मुसळाची पुन्यात फाईल झाली, आता काय बोलू मी?"

त्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतली चटणी संपली. कोपऱ्यावरचा दुकानदार गुरप्पा आमच्या ओट्याशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, तुमच्या भूकंपापायी माझ्या घरी भाकरी कोरडी खायलेत की. कधी संपनार हे?"

"शास्त्राचं काम आहे," अण्णा म्हणाले. "दही खा."

मंगळवार निरंक. बुधवार निरंक. अण्णांनी वाचनालयात जाणं सोडलं. दुपारभर ते खुर्ची टाकून ताटासमोर बसत. बुधवारी मी आकडा वाचायला वाकले तर म्हणाले, "राहू दे. काही नाही." सहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच थांबवलं होतं. त्या संध्याकाळी मी लॉगॅरिदमचं पुस्तक उघडलंच नाही. अशा माणसाला टाकून जायचं कसं?

गुरुवारी शाळेतून आले तर ते दारातच उभे.

"भिंग आण."

राखेत एक रेघ होती. दोन मिलिमीटर. ही पूर्व-पश्चिम नव्हती. ईशान्येकडून नैऋत्येकडं तिरपी गेली होती.

"तीन एक्केचाळीस," अण्णा म्हणाले. "मी इथं बसलो होतो. मांडणीवरचा पेला वाजला. ट्रक नव्हता, गाडी नव्हती, शिवबाई मैंदर्गीत. पोस्टकार्ड टाकूनही आलो."

मी रेघ पुन्हा मोजली. दोनच. विश्वास ठेवावा असं मला फार वाटत होतं, म्हणूनच मी ठेवला नाही.

उत्तर आलं ते मार्चच्या एकोणतीस तारखेला. शिवबाई परतल्या होत्या आणि चटणीची पुडी द्यायला आमच्या ओट्यावर आल्या होत्या. अण्णांनी पाकीट फोडलं. कागद सायक्लोस्टाइलचा नव्हता. हातानं लिहिलेला होता. त्यांनी तो वाचला आणि चष्मा पुसून मला दिला. "मोठ्यानं वाच."

"'महाशय, नमूद दिवशी दुपारी तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी सोलापूरच्या ईशान्येस सौम्य धक्क्याची नोंद आहे. इतक्या सौम्य धक्क्यांची माहिती वृत्तपत्रांस दिली जात नाही. आपण राख कोणत्या लाकडाची वापरता, ते कळवावे.'"

"अय्यो!" शिवबाई म्हणाल्या. "ह्यो माझा न्हाय बरं का, मास्तर."

"नाही. हा माझा," अण्णा म्हणाले. त्यांनी वहीत त्या नोंदीपुढं लाल शाईनं खूण केली, मग दोन वर्षांतल्या बाकीच्या सगळ्या नोंदींवर पेन्सिलीनं एकच कंस काढला आणि बाजूला लिहिलं, 'चटणी'. पेन्सील खाली ठेवून माझ्याकडं वळले. "पण बघितलंस? लपवतात!"

"लपवत नाहीत, अण्णा. फक्त सांगत नाहीत. तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं."

"माहीत आहे, वहीत लिहिलेलं आहे, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगत नाहीत. मग लपवणं आणखी वेगळं काय असतं?"

"मास्तर खरं बोलायलेत की," शिवबाई म्हणाल्या.

शेल्फावर लॉगॅरिदमचं पुस्तक होतं. मधे घडी केलेला कागद असल्यानं ते नीट मिटत नव्हतं.

"पोस्टकार्ड घे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज जेऊरच्या फलाटावरचा होता. "लिही. महाशय, राख बाभळीची. आता माझा प्रश्न. माहीत असूनही इतके दिवस न सांगण्याचं कारण काय? खुलासा व्हावा."

मी 'महाशय' लिहिलं. 'राख बाभळीची' लिहिलं. पुढं टाक चालेना.

"काय झालं? शाई संपली?"

"नाही." मी टाक खाली ठेवला. "अण्णा, हा प्रश्न पुण्याला पाठवू नका. त्याचं उत्तर मलाच द्यायचंय. महिनाभर माझ्याकडं त्या ऑफिसचं नेमणुकीचं पत्र आहे. उद्या मी तारेनं होकार कळवणार आहे, आणि एक मेला तिथं रुजू होणार आहे."