शिट्टी माझी नव्हती

"परत तेल ओकलाय मेला!" बॉनेट उघडून अगदी माझ्या तोंडाशी वाकत मामी पुटपुटली.

मेला म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे. काचा वाहणाऱ्या एका टेम्पोच्या डिझेल इंजिनाला बिलगून राहतो. एक दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन पंखे, एवढाच माझा संसार. इंजिनाचा तापलेला धूर एक पंखा फिरवतो, त्याबरोबर दुसरा फिरतो आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर. कामावर असलो की मिनिटाला लाखभर गिरक्या. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. रक्त म्हणजे तेल. ते वरून येतं, दांड्याला न्हाऊ घालतं आणि खालच्या नळीने इंजिनाच्या पोटात परत जातं.

टेम्पो चालवणाऱ्या मामांनी माझे फार लाड केले. चढ संपला तरी ते इंजिन लगेच बंद करत नसत. "दम घेऊ दे त्याला," म्हणायचे. त्यांचा कान असा तिखट, की मेकॅनिकसुद्धा आधी त्यांनाच विचारायचा, "मामा, काय म्हणतंय इंजिन?"

मग इंजिन म्हातारं झालं. पोटातली वाफ बाहेर सोडणारी त्याची एक नळी असते. तिच्यातून दारातल्या फरशीवर तेल ठिबकू लागलं. फरशी घासून घासून मामी वैतागली. "गाडीला लंगोट तरी बांधा, नाहीतर मी चालले माहेरी!"

मामांनी नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली. फरशी लख्ख झाली, घरात शांतता नांदली आणि माझे हाल सुरू झाले. इंजिनाच्या पोटात वाफ कोंडली. माझं तेल खाली उतरेना. ते माझ्याच कडांतून पाझरून हवेच्या रबरी नळीत शिरलं. तेल पिऊन रबर मऊ पडलं आणि एक दिवस फाटलं. मी जीव तोडून हवा भरत होतो, ती वाटेतच निसटत होती. चढावर गाडी धापा टाकायची, काळा धूर सोडायची. आणि त्या फाटीतून शिट्टी वाजायची, कानठळ्या बसवणारी.

रस्त्यावरची कुत्री कान टवकारायची. शेजारी बसणारा मामांचा भाचा कानांत बोटं घालायचा. मामा मात्र खुशाल गुणगुणत असायचे.

परवा वळणावर मागच्या ट्रकने हॉर्नवर हॉर्न दिले. मामा बाजूला सरकलेच नाहीत. ट्रक आरशाला घासून गेला. भाचा पांढराफटक पडला. घरी आल्यावर त्याने मामीला एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पण मामांसमोर विषय निघाला तो माझा.

"टर्बो गेलाय, दुसरं काय!" मामी म्हणाली.

"हो हो, टर्बोच," भाच्याने री ओढली.

मला भंगारात टाकायचं ठरलं. भंगाराला कोण भीत नाही? पण मला टाकून नवा आणला, तरी मामा उद्या त्याच वळणावर जाणार होते. गाडी थंड उभी असूनही मला चैन पडेना.

मेकॅनिक आला. त्याने रबरी नळी सोडवून माझा दांडा हलवून पाहिला. "ह्याला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे की!" नळी बसवून त्याने इंजिन चालू केलं, चाचपत चाचपत खुंटीपाशी पोचला आणि ती उपटली. फस्सकन वाफ सुटली.

"हे बूच कुणी मारलं?"

मामी फरशीकडे बघू लागली.

मित्रांनो, यंत्र ठिबकतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. त्याचं तोंड बांधू नका. फडक्याने डाग जातो, दुखणं जात नाही.

मग मेकॅनिकने इंजिन बंद केलं, रबरी नळीला साबणाचं पाणी लावलं आणि पंपाने आत हवा सोडली. फाटीवर बुडबुडे फसफसले, शिट्टी वाजली.

"मामा, एवढी बोंब ऐकत गाडी चालवलीत तरी कशी?"

मामांनी हात कानामागे नेला. "काय म्हणतोस?"

"शिट्टी हो, शिट्टी!"

"कसली शिट्टी?"

पंप चालूच होता. भाचा उगाच मेकॅनिकचे पाने-पकडी आवरू लागला. मेकॅनिकने मान खाली घातली. मामी पुढे आली, मामांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि हळूच नाही, चांगलं मोठ्याने म्हणाली,

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."