जर्दाळूचा जामीन

चिल्ला संपायला अजून आठवडा होता आणि कुमरीच्या परसातला जर्दाळू फुलून बसला होता.

थंडीचे ते चाळीस दिवस सरल्याशिवाय इस्फराच्या खोऱ्यात कुणी बहाराचं नाव काढत नाही. यंदा मात्र थंडी आलीच नाही म्हटलं तरी चालेल. बर्फ दोनदा पडला आणि दुपारपर्यंत पाटाच्या पाण्यात मिळून गेला. माणसं कोट उघडे टाकून हिंडत होती. टेकडीवरून पोरांनी बर्फफुलं खुडून आणली होती आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या ती डोळ्यांना लावून एकमेकींना म्हणत होत्या, यंदाचा बहारही बघायला मिळाला बाई. सगळ्या गावाच्या कौतुकाला भरतं आलं होतं.

सबोहतच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कपडे वाळत घालायला ती परसात आली, पांढऱ्या-गुलाबी फांद्यांकडे तिनं पाहिलं आणि हातातली ओली चादर दाणकन घमेल्यात आपटली.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" ती झाडावर ओरडली. "कुणी बोलावलं होतं तुला एवढ्यात?"

झाडावर ओरडणारी बाई वेडीच म्हणायची. पण सबोहतचं सारं नशीब या झाडाला बांधून ठेवलं होतं, आणि बांधणारी तिची सासू कुमरी होती. तीन वर्षांपूर्वी सबोहत लग्न होऊन या घरात आली. त्याच सालापासून या झाडानं फळ धरायचं सोडलं. आधी म्हणे जूनमध्ये फांद्यांना टेकू द्यावे लागत. आता दरवर्षी फूल लवकर येई, मग कडाक्याची थंडी पडे आणि एका सकाळी सगळा मोहर काळा होऊन खाली. सबोहतची कूसही तीन वर्षं रिकामीच. गल्लीतल्या बायकांना दोन्हींची सांगड घालायला कितीसा वेळ लागणार? पांढऱ्या पायाची सून आली आणि झाडही वांझ झालं, असं पहिली कोण म्हणाली ते ठाऊक नाही. पण कुमरीनं ते उचललं आणि खाली ठेवलंच नाही.

नवरा, दिलोवर, वर्षाचे अकरा महिने रशियात, बांधकामावर. डिसेंबरात येई, मित्रांना पुलाव खाऊ घाली, आईच्या पायाशी बसे आणि परत जाई. गेल्या वर्षी सबोहत चोरून जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "तुझ्यात काही खोट नाही. आता नवऱ्याला घेऊन ये." तिनं दिलोवरला हे सांगितलं, तेव्हा त्यानं चहाची पियाली भिंतीवर फेकली. पुरुषाला कुणी तपासतं का, म्हणाला. यंदाच्या डिसेंबरातही तो तपासून न घेताच गेला. आणि जाताना आईला म्हणाला, मार्चातल्या नवरोजपर्यंत काही कळलं नाही तर तुम्ही म्हणाल तसं. तसं म्हणजे काय, ते खोऱ्यातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. फोनवर तीन शब्द आणि माहेरी रवानगी.

चादर पुन्हा उचलताना सबोहतच्या पायाशी कोंबड्या फडफडल्या. हमामखान्याच्या भिंतीला चिकटून, झाडाच्या बुंध्याशी, पाचही जणी ओळीनं बसल्या होत्या. हिवाळाभर त्या तिथंच बसत. तीन हिवाळे ती त्यांना तिथून हाकलत होती, पण याच जागी का बसतात असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आज तिनं वाकून मातीवर हात ठेवला. माती कोमट होती. भिंत तर चक्क गरम.

तिनं वर पाहिलं. झाड भिंतीकडच्या अंगानं फुललं होतं. पलीकडच्या अंगाला कळ्या अजून घट्ट मिटलेल्या. कुंपणापलीकडे मस्तुरा खालाचं झाड होतं, याच झाडाचं कलम बांधून वाढवलेलं. ते काळंकुट्ट, गाढ झोपलेलं. आणि तेच झाड दर जूनला बादल्या भरभरून फळ देत होतं!

हा हमामखाना दिलोवरनं लग्नाच्याच साली बांधला होता. शहरातून आणलेल्या निळ्या फरशा, दारावर चकचकीत कडी. कुमरीचा सगळा दिमाख त्यात. थंडी असो नसो, रोज भट्टी पेटायची, धुराड्यातून धूर निघालेला गल्लीनं बघायला हवा म्हणून. भट्टी नेमकी झाडाच्या बाजूला, आणि न्हाणीचं गरम पाणी मोरीतून सरळ झाडाच्या मुळाशी. झाड बिचारं काय करणार? कुणी रोज पायाशी शेकोटी पेटवली तर पहाट झाली असंच वाटणार.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," सबोहत दातओठ खात म्हणाली आणि तडक स्वयंपाकघरात गेली.

कुमरी कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हाताची कणीक सावकाश झटकली आणि म्हणाली, "माझ्या लेकानं परमुलखात हाडं झिजवून बांधलंय ते. एवढंच राहिलं होतं. आता त्यालाही तुझी नजर लागू दे."

"नजर नाही ओया." घरात कुमरीला सगळे ओया, म्हणजे आई, म्हणत. "हात लावून बघा. भिंत गरम आहे."

"हमामखान्याची भिंत गरम नसेल तर काय थंड असेल? लेकराच्या नावानं बोंब, आणि बाई चालल्या भिंती तपासायला." कुमरीनं कणकेवर मूठ आदळली. "उद्या कुऱ्हाड काढते मी. बायकांना सांगून ये. आणि चहाला सुका मेवा काढून ठेव, कंजूषपणा करू नकोस."

कुऱ्हाड काढायची म्हणजे झाडाला धाक घालायचा. जे झाड धरत नाही त्याच्यापुढे घरची मोठी बाई कुऱ्हाड घेऊन उभी राहते आणि विचारते, तोडू का तुला? मग दुसरी कुणीतरी पुढे होऊन हात धरते. नका तोडू, मी जामीन राहते, यंदा फळ देईल. झाडाला भीती बसते आणि ते धरतं, असं म्हणतात. यात कुऱ्हाड कधी चालत नाही. सगळ्या हसतात, चहा पितात आणि घरी जातात.

दुसऱ्या दिवशी परस बायकांनी भरलं. कुमरीनं भट्टीही दणकून पेटवली होती, पाहुण्यांनी फरशा बघाव्यात म्हणून. परसातल्या बसायच्या लाकडी तख्तावर चहाच्या किटलीला टेकून फोन उभा केला होता आणि त्यात दिलोवर दिसत होता. आज त्याची सुट्टी होती. त्याला झाडाचा मोहर बघायचा होता.

"काय मोहर आहे ओया! वा!" तो फोनमधून म्हणाला. बायकोला त्यानं कसं आहेस म्हणूनही विचारलं नाही.

"मोहराचं काय घेऊन बसलास," मस्तुरा खाला पदराच्या टोकानं मनुका पुसत म्हणाली. "मोहर काळा करणारी म्हातारीची थंडी अजून यायचीय. कुठली म्हातारी ते मी सांगत नाही."

बायका फिसकन हसल्या. कुमरीनं तिच्याकडे एक जळजळीत नजर टाकली, बिस्मिल्ला म्हणून कुऱ्हाड उचलली आणि उलट्या बाजूनं बुंध्यावर ठोका दिला.

"तीन वर्षं नुसतं उभं आहेस माझ्या अंगणात," ती मोठ्यानं म्हणाली. "पाणी पितेस, ऊन खातेस, आणि देत काही नाहीस. तुला ठेवून करू काय मी? तोडू का?"

ती झाडाशी बोलत होती, पण एकही बाई झाडाकडे बघत नव्हती. सगळ्यांच्या नजरा सबोहतवर. सबोहतचे कान तापले.

रिवाजाप्रमाणे मस्तुरा पुढे झाली. कुमरीनं तिला हातानं थांबवलं.

"तू नको. आज सून राहील जामीन. जिच्या पायानं झालं तिनंच निस्तरावं." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं शर्त घातली. "यंदा धरलं नाही तर झाडही जाईल आणि जामीनही जाईल. सगळ्या साक्षीला आहात."

यावर कुणी हसलं नाही. खेळ उरला नव्हता. चार बायकांत हो म्हटलं की काळ्या पडलेल्या मोहराबरोबर सबोहतलाही झाडून बाहेर टाकायची सोय होत होती.

सबोहत पुढे आली. "राहते जामीन," ती म्हणाली. "आणा ती कुऱ्हाड."

जामीन राहणारी कुऱ्हाड काढून घेतेच, त्यामुळे कुमरीनं ती दिली. पण सबोहत तिथं थांबली नाही. ती चार पावलं चालून हमामखान्यापाशी गेली, धुराड्यासमोर उभी राहिली आणि कुऱ्हाड खांद्यावर घेतली.

"तीन वर्षं उभं आहेस," ती धुराड्याला म्हणाली. "रोज झाडाच्या पायाशी जाळ करतेस. त्याला अवेळी उठवतेस आणि थंडीच्या तोंडी देतेस. बदनामी माझी. तोडू का तुला?"

"अगं ए!" फोनमधून दिलोवर किंचाळला. "वेड लागलं का? ओया, धरा तिला! हात नाही लावायचा त्याला!"

"हा बघा, जामीन मिळाला," कुणीतरी हळूच म्हणालं.

"फोनवरचा चालत नाही," मस्तुरा खाला म्हणाली. "जामीन हजर लागतो. कुणी आहे का हजर?"

कुणीच पुढे झालं नाही. सबोहतनं घाव घातला. कधी न चालणारी कुऱ्हाड त्या दिवशी चालली. विटा ढासळल्या, धूर भसकन अंगणात पसरला, कोंबड्या ओरडत पळाल्या. तिनं आणखी दोन घाव घातले. ते हमामखान्यासाठी नव्हते. ते त्या फुटलेल्या पियालीसाठी होते.

मग खोकत, डोळे पुसत ती कुमरीसमोर आली आणि कुऱ्हाड तिच्या हातात परत दिली.

"झाडाचा जामीन मी. त्यात खोट नाही, माझ्यातही नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलंय. नवऱ्याला आण म्हणाल्या, तो येत नाही. आता तुम्ही सांगा ओया, तुमच्या लेकाचा जामीन कोण?"

वाळक्या झाडालासुद्धा कुणीतरी जामीन मिळतोच, तो रिवाजच आहे. बायका कुमरीकडे बघत राहिल्या.

"हिला आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा ओया!" दिलोवर ओरडत होता.

कुमरी फोनकडे वळली. "डॉक्टरकडे गेला होतास का?"

"काय?"

"डॉक्टरकडे गेला होतास का, विचारतेय."

"आवाज येत नाहीये ओया. नेटवर्क नाही..."

आतापर्यंत त्याला गल्लीतलं कुत्रं भुंकलेलंही ऐकू येत होतं. पडदा काळा झाला. कुमरीनं फोन उचलला, तख्तावर पालथा ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं एकच शास्त्र ती आयुष्यभर शिकली होती. बायका चहा अर्धा टाकून निघाल्या. मस्तुरा खालानं जाताना विटांचे तुकडे पायानं बाजूला केले.

संध्याकाळी आभाळ लख्ख झालं आणि डोंगराकडून बोचरा वारा सुटला. थंडी येणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं. सबोहतनं आपलं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. मग ती परसात आली, ओला पेंढा आणि गोवऱ्या झाडाखाली रचू लागली. मोहर वाचवायचा तर रात्रभर धूर धरायला हवा होता. मागच्या तिन्ही वर्षी या घरात तो कुणी धरला नव्हता. वांझ झाडासाठी कोण जागतं?

मागं पावलं वाजली. कुमरी दोन्ही हातांत गोवऱ्या घेऊन आली होती. त्या तिनं खाली टाकल्या. तिचे डोळे सुजले होते.

"तो बोलला नाही गं," ती म्हणाली. "एवढं विचारलं, पण बोलला नाही." मग पेंढा सारखा करत म्हणाली, "तुझं बोचकं मी आत ठेवलंय."

सबोहतला तिची कीव आली नाही. यायला हवी होती, पण तीन वर्षांचा राग दोन गोवऱ्यांनी विझत नाही.

"ते पुन्हा दाराशी ठेवा," ती म्हणाली. "हे झाड धरेपर्यंत मी इथं आहे, कारण मी त्याची जामीन आहे. जून लागला, पहिलं फळ उतरलं, की मग कुठं जायचं ते मी ठरवीन. तुम्ही नाही आणि तोही नाही."

कुमरी आत गेली, बोचकं उचलून आणलं आणि होतं तिथं, दाराशी ठेवलं. मग परत येऊन खाली बसली आणि पेंढ्यावर फुंकर घालू लागली.