चुकांचा तास

पदकवीर नापास झाला तेव्हा कॉलेजात कुणाला वाईट वाटलं नाही असं नाही. पण ज्यांना वाटलं त्यांनी ते फार कौशल्याने लपवलं. गणितात विद्यापीठात पहिला आलेला, सुवर्णपदक घरात काचेत ठेवलेला माणूस मास्तर होण्याच्या परीक्षेत, तोही आठवीच्या वर्गापुढे, सपशेल आपटला ही बातमी दुःखी चेहऱ्याने सांगायला जरा सरावच लागतो. तोवर त्याला सगळे त्याच्या नावाने हाक मारत. पदकवीर हे नाव त्या दिवसापासून पडलं.

पाठ वाईट झाला होता असंही म्हणता येत नाही. त्यात एकही चूक नव्हती. त्याने कंसाच्या वर्गाचं सूत्र फळ्यावर मांडलं, सिद्ध केलं, मग आणखी एका रीतीने सिद्ध केलं, कारण पहिली रीत त्याला किंचित ढोबळ वाटली. मुलं दंतवैद्याच्या दारात बसल्यासारखी मुकाट बसून होती. शेवटी त्याने विचारलं, "समजलं?" आणि वर्ग म्हणाला, "हो सर!" हे इतक्या एका सुरात, की ते खोटं आहे हे भिंतीवरच्या पालीलाही कळलं. पदकवीराला मात्र कळलं नाही. तो खूश होऊन खाली उतरला.

आता त्याच पाठाची दुसरी आणि शेवटची संधी होती. एका शाळेने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण निकालापर्यंतच. पुन्हा आपटला तर जागा दुसऱ्याला. त्याने चांगली नोकरी सोडून मास्तर व्हायचं ठरवलं तेव्हापासून घर बायकोच्या पगारावर चाललं होतं. ती दवाखान्यात रक्त तपासायची. या विषयावर ती काहीच बोलत नव्हती, आणि नवऱ्यांना ठाऊक असतं की बोलण्यापेक्षा हे जास्त गंभीर असतं.

कॉलेजात गणित शिकवायला शिकवणाऱ्या बाई होत्या. ठेंगण्या, बारीक, आणि आवाज इतका हळू की तो ऐकायला वर्ग आपोआप गप्प व्हायचा. भावी शिक्षकाचा पाठ बघायला आले की बाकीचे प्राध्यापक शेवटच्या बाकावर बसत. बाई खिडकीशी खुर्ची ओढून मुलांकडे तोंड करून बसत. शिकवणारा काय बोलतो ते त्यांना ऐकू येई, पण बघायच्या त्या मुलांकडेच. बऱ्याच जणांना हा अपमान वाटे. आपण एवढा नवा शर्ट घालून यावं आणि बाईंनी तिसऱ्या बाकावरच्या पोराच्या पेन्सिलीकडे बघत बसावं!

दर शनिवारी बाई एक तास घेत. त्याला सगळे चुकांचा तास म्हणत. बाई फळ्यावर उदाहरण लिहीत आणि प्रत्येकाने ते आठवीतलं मूल सोडवेल तसं चुकीचं सोडवायचं. मग बाकीच्यांनी ओळखायचं, की ते मूल कसं चुकलं असेल.

नापास झाल्यानंतरच्या शनिवारी बाईंनी लिहिलं: क्ष बरोबर चार असेल तर ३क्ष + ५ किती?

पदकवीराने उत्तर लिहिलं: एक्कावन्न.

"हे कसं आलं?" बाईंनी विचारलं.

"असंच बाई. चूकच हवी होती ना?"

"पोरं असंच चुकत नाहीत. तुमच्या या चुकीला आईबाप कोण? अनाथ दिसतेय बिचारी."

वर्ग हसला. शेजारी घाईताई बसली होती. प्रश्न संपायच्या आत हात वर करायची म्हणून तिला हे नाव होतं. तिने लिहिलं होतं, एकोणचाळीस.

"तीनच्या शेजारी क्ष. क्षच्या जागी चार ठेवला की झाले चौतीस," घाईताई म्हणाली. "अधिक पाच."

पुन्हा हशा पिकला, आणि मग एकदम थांबला. कारण बाई हसत नव्हत्या.

"शेजारी शेजारी लिहिले की दोन आकड्यांची मिळून एक संख्या होते, हे त्या पोराला कुणी शिकवलं? आपणच. पहिलीपासून. पोरगं सांगितलेलं ऐकतंय. आणि आपण त्याच्या वहीवर लाल फुली मारून म्हणतो, लक्ष नाही तुझं."

पदकवीर त्या एकोणचाळीसकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने बरोबर उत्तरांचीच संगत केली होती. चुकीच्या उत्तरातही एवढी अक्कल असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या क्षणापासून तो बाईंचा भक्त झाला. भक्ताला मार्क मिळतात असं मात्र नाही. पुढचे कित्येक शनिवार त्याच्या चुका अनाथच राहिल्या. बाई प्रत्येकीची तितक्याच आस्थेने चौकशी करीत आणि कागद परत देत.

शेवटी घोडं घरीच पुढे सरकलं. बायको भांडी पुसत होती. त्याने तिच्यापुढे कागद धरला.

"हे सोड ना जरा. क्ष अधिक तीन, कंसाचा वर्ग."

"मी? शाळा सोडून मला जमाना झाला."

"म्हणून तर! चुकशील."

"अहो, चुका शिकायला कॉलेजात जायची काय गरज होती? घरी विचारायचं. लग्नापासूनची सगळी यादी तोंडपाठ आहे मला," असं म्हणत तिने ओला हात पदराला पुसला आणि झटक्यात लिहिलं: क्ष² + ९. "बरोबर ना?"

"चूक! पण असं का लिहिलंस?"

"का म्हणजे? दोघं एका कंसात राहतात. वर्ग द्यायचा तर दोघांनाही द्यायला नको? एकाला दिला नि एकाला नाही, याला काय न्याय म्हणतात?"

पदकवीर खुर्चीवर बसला. ही चूक अनाथ नव्हती. तिला आई होती, बाप होता, न्यायबुद्धी होती. त्याने त्या रात्री पाठाचं टिपण फाडलं आणि नवं केलं. त्यात सिद्धता एकही नव्हती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. त्यांच्याजवळ फाइल होती, मनगटावर मोठं घड्याळ होतं आणि चेहरा असा, की फाइल आणि घड्याळ यांच्यामधला दुवा वाटावा. ते शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी खिडकीशी खुर्ची ओढली.

पदकवीराने तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "क्ष वर्ग अधिक नऊ."

त्याने ते फळ्यावर लिहिलं. सुबक, मोठ्या अक्षरात. परीक्षकांच्या भुवया वर गेल्या.

"किती जणांना पटतंय?" जवळजवळ सगळे हात वर. "मग तपासू या. क्ष एक धरा. कंसाचा वर्ग किती?"

"सोळा!"

"आणि हिच्या उत्तराप्रमाणे?"

"एक आणि नऊ... दहा."

"मग सहा कुठे गेले?"

वर्गात कुजबुज सुरू झाली. क्ष दोन धरला तर पंचवीस आणि तेरा, बारा गायब. तीन धरला तर छत्तीस आणि अठरा; अठरा गायब.

"सर, सहाचा पाढा!" मागून कुणीतरी ओरडलं. "पाढ्याने चोरी होतेय!"

इथवर सगळं टिपणाप्रमाणे. आता खडू उचलायचा, सूत्र लिहायचं, चौकट करायची, गृहपाठ द्यायचा, पास व्हायचं. त्याने खडू उचललाही. तेवढ्यात तीच मुलगी पुन्हा उभी राहिली.

"पण सर, शून्य घातला तर माझं बरोबर येतं."

पदकवीराचा हात हवेतच थांबला. हे टिपणात नव्हतं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि पेन उघडलं. "तो अपवाद आहे, बस खाली" एवढं म्हटलं असतं तरी सूत्राला वेळ पुरला असता. त्याने आशेने बाईंकडे बघितलं. बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. हनुवटी तळहातावर टेकून त्या त्या मुलीकडे बघत होत्या. तिच्यापुढे पदकवीर, परीक्षक आणि त्यांचं घड्याळ कशाचीच त्यांना पर्वा दिसत नव्हती.

जागा गेली तर गेली, असं काही त्याच्या मनात आलं नाही. त्याला एवढंच वाटलं, की पोरीचं म्हणणं खरं आहे. त्याने खडू तिच्यापुढे धरला. "ये. करून दाखव."

तिने करून दाखवलं. नऊ आणि नऊ. वर्गात दोन तट पडले. "एकदा तरी बरोबर आलं ना!" "एकदा येऊन काय उपयोग?" इतक्यात चोरीवाला मागून म्हणाला, "अगं, सहा शून्ये शून्य. तिथेही चोरी झालीच की. शून्याची झाली!"

मुलगी फळ्यासमोर तशीच उभी. मग ती स्वतःशीच पुटपुटली, "म्हणजे जितका क्ष, तितके सहा गेले," आणि आपल्याच उत्तरात, क्ष वर्ग आणि नऊ यांच्यामध्ये, जागा नव्हती तरी कोंबून तिने लिहिलं: + ६क्ष.

घंटा झाली.

परीक्षक व्हरांड्यात येऊन फाइल बघत म्हणाले, "सूत्र राहिलं. उजळणी राहिली. गृहपाठही दिला नाही."

"गृहपाठ त्यांनी घेतलाय," बाई म्हणाल्या. "ऐका."

जिन्यावर दोघं भांडत होते. "तीनच्या जागी पाच असले तर दहाचा पाढा येईल, लाव पैज!" "का म्हणून दहाचा?" "करून तर बघ, गाढवा!"

परीक्षक बरंच ऐकत राहिले. मग म्हणाले, "सूत्राचे गुण मी देणार नाही."

"नका देऊ. उरलेल्यात भागेल."

भागलं. जेमतेम, काठावर, पण भागलं. सही झाली, फाइल मिटली. पदकवीर म्हणाला, "बाई, ती शून्याची शंका मला सुचलीच नव्हती."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी हा पाठ तुमच्या जन्माआधीपासून बघतेय." त्या चालूही लागल्या होत्या.

मधल्या सुट्टीने वर्ग रिकामा झाला होता. मुलगी दप्तर भरत होती. बाई तिच्या शेजारी बाकावर टेकल्या. पदकवीर दाराशी थांबला. बायकोला फोन करायचा होता, पण आधी हे ऐकल्याशिवाय त्याचा पाय निघेना.

"मला एक सांग," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "शून्यच घालून बघावंसं का वाटलं तुला?"

मुलीने दोघांकडे संशयाने बघितलं, आणि हे चांगले लोक दिसतात असं ठरवून खरं ते सांगून टाकलं.

"शून्य घातला की आकडेमोड कमी करावी लागते."

"बरोबर," बाई गंभीरपणे म्हणाल्या, आणि जरा सरकून दाराकडे बघत त्यांनी बाकावर पदकवीरासाठी जागा केली.