रविवारचा दुसरा ट्रे

रविवारी भट्टीवाल्याला एकच काम होतं, ते म्हणजे दुपारी झोपायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण सगळं जग साखरझोपेत असताना जो माणूस पीठ मळायला उभा राहतो आणि दुपारी अंगाचं पार भुस्कट पाडून घरी येतो, त्याला विचारा. बेकरीत सगळे त्याला भट्टीवालाच म्हणत. रविवारी पावाला मागणी जास्त, त्यामुळे त्या दिवशी सुट्टीचं नावही काढायची सोय नव्हती.

आणि मुली यायच्या त्या नेमक्या रविवारीच. एरवी त्या आईकडे राहत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी तेच व्हायचं. मुली येत, जेवत, मग बाबा म्हणे, "पाच मिनिटं पाठ टेकतो." ती पाच मिनिटं मुलींना परत सोडायची वेळ होईपर्यंत काही संपत नसत. धाकटी त्याच्या नाकात दोऱ्याचं टोक घालून बघे. थोरली खिडकीशी मोबाइल घेऊन बसे.

एका आठवड्यात मध्येच त्यांच्या आईचा फोन आला. भांडायला केला असता तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "हे बघ, मी थोरलीला काही शिकवलेलं नाही. तीच म्हणते, बाबा नुसता झोपतो, मग मी तिथे जाऊन काय करू? या रविवारी पाठवते. पुढचं तिच्यावर. मी काही तिला ओढून पाठवणार नाही."

भट्टीवाल्याने फोन ठेवला. थोरली आली नाही तर धाकटी एकटी थोडीच येणार होती?

उभं राहून करायचं काम असलं की झोप येत नाही, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात पक्की कळली होती. म्हणून त्याने ठरवलं, पोरींना घेऊन पेस्ट्री करायची. त्यातही एक मेख होती. थोरलीने काही महिन्यांपासून दूध, लोणी, अंडी सगळं सोडलं होतं. व्हीगन. बापाचं पोट ज्या लोण्यावर चालत होतं, नेमकं तेच लेकीने टाकलं. आधी त्याला हसू आलं, मग थोडं लागलं, आणि मग सवयीप्रमाणे तो विचार करायचा कंटाळा करून झोपला होता. त्या रविवारी मात्र तो तेल, गार पाणी आणि मैदा घेऊन ओट्यापाशी उभा राहिला.

"लोणी नाही?" थोरलीने दारातूनच विचारलं.

"तेल आहे. वास घेऊन बघ हवं तर."

तिने खरंच बाटली उघडून वास घेतला. राग नाकाच्या शेंड्यावर असला तरी पोरगी कामाला वाघ होती. सफरचंदं तिनेच चिरली, पातळ आणि सारखी. धाकटीने त्यात साखर आणि दालचिनीची पूड कालवली आणि प्रत्येक चौथी फोड तोंडात टाकली. भट्टीवाल्याने पोळी लाटून चौकोन कापले. मध्ये फळ ठेवायचं, कोपरे आत दुमडायचे, कडा काट्याने दाबायच्या, हे त्याने एकदा दाखवलं आणि मागे सरला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. त्याने दोनदा तोंडावर पाणी मारलं, आणि मग चहा टाकला.

"बाबा, माझी बघ, हिचं पोट फुटलं," धाकटी म्हणाली.

"जास्त खाल्लं असेल तिने. तुझ्यावर गेलीय."

थोरली हसली. अगदी ओझरतं, पण हसली. भट्टीवाल्याला वाटलं, चला, आजचा दिवस तरी निभावला.

वर लावायला थोरलीने साखरेचं पाणी करून वाटीत ठेवलं होतं. तेवढ्यात धाकटीचे चिकट हात पडद्यापर्यंत पोचले, तेव्हा थोरली तिला धरून मोरीकडे घेऊन गेली. भट्टीवाल्याने ब्रश उचलला, सगळ्या पेस्ट्र्यांवरून झरझर फिरवला आणि ट्रे आत सरकवला. हे काम तो डोळे मिटूनही करू शकला असता. खरं म्हणजे जवळजवळ तसंच केलं होतं.

थोड्या वेळाने घरभर वास सुटला. थोरली ओव्हनच्या काचेशी वाकली. "बाबा, कसला भारी रंग आलाय! साखरेच्या पाण्याने एवढा येतो?"

नव्हता येत. भट्टीवाल्याने ओट्याकडे पाहिलं. साखरेच्या पाण्याची वाटी काठोकाठ भरलेली होती. ब्रश पडला होता तो चहाच्या दुधाच्या पातेल्यात.

इतक्या वर्षांत दुधाचा हात फिरवल्याशिवाय त्याने एकही ट्रे भट्टीत घातला नव्हता. डोकं पेंगत होतं आणि हाताने आपलं काम चोख केलं होतं. बरं, कोणी पाहिलंही नव्हतं. पातेलं उचलून विसळलं की विषय संपला. लेक खुशीत होती, पुढच्या रविवारी आली असती. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण ती ते खाणार होती, आपल्या बापाने केलंय म्हणून विश्वासाने खाणार होती, आणि ते काही त्याच्याने बघवलं नसतं.

"खाऊ नकोस ते," तो म्हणाला. "वर दूध लागलंय. माझ्याकडून."

ती वळली. "मुद्दाम?"

"नाही गं. हात गेला."

"तुझं नेहमीचंच आहे. कधी डोळा लागतो, कधी हात जातो. तू स्वतः कधी असतोस रे इथे?"

थोरली बाहेरच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसली. "मी तर दूध पिते," असं म्हणून धाकटीने ट्रेकडे आशेने पाहिलं. निवल्यावर त्याने तिला एक दिली.

मग तो पुन्हा ओट्यापाशी गेला. उरलेल्या कडांचा गोळा केला. एक सफरचंद शिल्लक होतं, ते चिरायला घेतलं. पाय नुसते भरून आले होते. समजूत कशी घालायची ते त्याला येत नव्हतं, येत होतं ते एवढंच. लाटणं दोनदा त्याच ठिकाणी फिरलं आणि थांबलं.

"सरक," मागून आवाज आला. थोरलीने लाटणं त्याच्या हातातून काढून घेतलं. "कापशील बोट. बस तिकडे."

"मी बघतो ना..."

"बसून बघ."

तो खुर्चीवर बसला. तिने ब्रश साबणाने घासला, पातेलं उचलून लांब ठेवलं, साखरेचं पाणी लावलं. ट्रे आत गेलेला त्याने पाहिला. आता रंग येईपर्यंत फक्त काचेकडे बघत राहायचं, एवढं त्याने स्वतःला बजावलं.

जाग आली ती फोनच्या आवाजाने. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं. ओव्हन बंद होता, ट्रे बाहेर निघालेला होता, आणि अंगावर कोणीतरी चादर टाकली होती. झोपला होता तो! आजच, एवढं सगळं करून. त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की डोळे पुरते उघडायचाही धीर होईना.

फोन थोरलीने उचलला होता.

"हं, आई. नाही, अजून निघालो नाही. बाबाला देऊ? त्याचे हात पिठाचे आहेत. नाही गं, झोपला नाहीये. दुपारभर उभाच आहे बिचारा."

"ताई, पण बाबा तर..." धाकटी म्हणाली.

"शू!" मग पुन्हा फोनवर, "काही नाही, ती मध्ये मध्ये करतेय. आम्हाला उशीर होईल आज. आणि ऐक, पुढच्या रविवारी आम्ही जरा लवकरच येणार आहोत इकडे, चालेल ना?"

भट्टीवाल्याला एकदम भरून आलं. पण झोपलेला माणूस काही रडत नाही, म्हणून तो डोळे गच्च मिटून तसाच बसून राहिला.