परमिटवरची सही

गुरुवारी साडेअकराला व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती, आणि सोमवारपासूनच शिवानीने वडिलांची, विश्रामची तयारी करून घ्यायला घेतली. ती ठाण्याला एका ऑफिसात कामाला. अशा चार-पाच मुलाखती तिने स्वतः दिलेल्या. विश्रामने मात्र उभ्या आयुष्यात एकच मुलाखत दिली होती, सत्तावीस वर्षांपूर्वी, डोंबिवलीच्या एमआयडीसीत साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून.

तिने लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवला, खुर्ची खिडकीकडे तोंड करून लावली, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

"पप्पा, स्क्रीनकडे नका बघू. वरच्या त्या बारीक ठिपक्याकडे बघून बोला."

"ठिपक्याशी काय बोलायचं गं?"

"पलीकडे माणसं असतात ना."

कामाचे प्रश्न त्याला कुठेच अडले नाहीत. कुठलं रसायन कशाजवळ ठेवायचं नाही, वायू सुटला तर माणसं कुठल्या बाजूने बाहेर काढायची, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. मग शिवानीने कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, "आधीची नोकरी का सोडली?"

"कंपनी बंद झाली."

"बस, एवढंच. पुढे काही बोलू नका."

दुसऱ्या वेळी तो 'कंपनी' म्हणून थांबला. तिसऱ्या वेळी उठून पाणी प्यायला गेला, तो लवकर परत आलाच नाही.

चौदा महिन्यांपूर्वी विश्राम सुपरवायझर होता त्या कारखान्यात एक टाकी साफ करायची होती. माणूस आत उतरण्याआधी आतली हवा तपासायची, मगच सुपरवायझरने परमिटवर सही करायची, असा नियम. त्या दिवशी हवा तपासायचं यंत्र दुसऱ्या खात्यात गेलं होतं. मॅनेजर दोनदा येऊन ओरडून गेला. विश्रामने सही केली. खडवलीचा भिवा, अकरा वर्षं त्याच्याच पाळीत असलेला, शिडीवरून आत उतरला आणि वर आला तो दोरीने ओढून काढलेला. चौकशी झाली, कारखान्याला टाळं लागलं. विश्रामने जबाबात 'वरून आदेश होता' असं लिहून दिलं आणि तेवढ्यावर तो सुटला.

"खोटं थोडीच बोलताय?" शिवानी हळूच म्हणाली. "कंपनी खरंच बंद झाली."

"हो. झाली खरी."

बुधवारी तो घरात काही न बोलता खडवलीला गेला. भिवाची बायको शालू शाळेत खिचडी शिजवायची. तो पोचला तेव्हा पोरं जेवून गेली होती आणि ती नळाखाली मोठं पातेलं घासत होती. त्याला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भाऊ, आज इकडं कुठं?"

बसायला तिने पायरी दाखवली. तो बसला नाही. उद्या मुलाखत आहे, तिथे भिवाचं नाव निघेल, म्हणून आधी तुझ्याकडे आलो, एवढं बोलून त्याने सगळं सांगितलं. यंत्र नव्हतं ते. मॅनेजर ओरडला ते. आणि सही आपल्या हातची होती, तेही.

शालूने नळ बंद केला.

"कंपनीवाले मला म्हणले, त्यालाच चक्कर आली. त्याचीच चूक म्हणले."

"त्याची काही चूक नव्हती."

"तुम्ही इतके दिवस बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"उद्या तिथं सांगा. सगळ्यांना सांगा." तिने पातेलं उपडं घातलं. "पण माझ्यासमोर परत नका सांगू, भाऊ. आणि आता जा."

गुरुवारी पलीकडे दोघं होते, एक उतारवयाचे साहेब आणि एक तरुण बाई. शिवानी सुट्टी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाईंनी तो प्रश्न विचारला आणि विश्रामने ठिपक्याकडे बघून उत्तर दिलं, "कंपनी बंद झाली, कारण आमचा एक माणूस टाकीत मेला. भिवा त्याचं नाव. परमिटवर सही माझी होती. हवा न तपासता मी सही केलेली."

साहेबांनी चष्मा काढला. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. कळवतो म्हणाले आणि स्क्रीन काळी झाली.

शिवानीला रडू फुटलं. "का सांगितलंत? कुणी विचारलं पण नव्हतं."

"विचारलं होतं, बाळा."

त्या कंपनीचं उत्तर आलंच नाही. पुढच्या महिन्यात आणखी एक मुलाखत झाली. तिथेही त्याने तेच सांगितलं, त्यांनी तिथल्या तिथे आभार मानून कॉल संपवला. तिसऱ्या खेपेला शिवानीने प्रश्नांचा कागद काढला नाही. नुसता लॅपटॉप डब्यावर ठेवून ती कामाला निघून गेली.

ही मुलाखत अंबरनाथच्या एका कारखान्याची होती. सगळं ऐकून त्यांनी त्याला घेतलं, पण सुपरवायझर म्हणून नाही. गोदामाच्या पाळीवर, एक पायरी खालच्या जागेवर. तिथल्या साहेबांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "सहीचा अधिकार तुम्हाला सध्या देता येणार नाही. चालेल?"

"चालेल," विश्राम म्हणाला, आणि कधीपासून यायचं ते विचारून घेतलं.