भुऱ्याची वाटी

"कुत्र्याला कोणी शेंगदाण्याचं दूध पाजतं का गं?" पिशवीची चेन ओढत कुंदा म्हणाली. धुळ्याच्या गाडीची वेळ होत आली होती.

तिची आई मंदाबाई सुपातले भिजवलेले दाणे निवडत होत्या. काळपट, सुरकुतलेला दाणा दिसला की बाजूला. शिवाय प्रत्येक मुठीतला एक स्वतःच्या दाताखाली.

"त्याले म्हशीनं दूध पचत नही. ओकी टाकस."

"डॉक्टरांना तरी विचारलंस?"

"इचारं ना! ढोरंस्ना डाक्टर म्हने, थोडं चाली. साखर नको, मीठ नको, खवट दाना तं बिलकुल नको. अन् पोट भाकरवरच भरनं पाहिजे."

"भुऱ्या, मजा आहे बाबा तुझी! आमचे एवढे लाड नाही झाले."

"व्हय का?" मंदाबाई हसल्या. "तुनासाठीच तं शिकनू हाई. तुलेबी कोठे पचे दूध?"

कुंदाला शाळेत जाण्याआधीचा तो पांढरा पेला आठवला. आई समोर उभी राहून विचारायची, "कसं शे?" नाक मुरडून ती म्हणायची, "ठीक." पुढे भाजी असो, लोणचं असो, दिवाळीची साडी असो, ती 'ठीक'च्या पुढे कधी गेली नाही.

पाट्यावर वाटलेल्या दाण्यांचं दूध फडक्यातून गाळून आईनं आधी तिच्यासाठी कप भरला.

"कसं शे?"

"ठीक," घड्याळाकडे बघत कुंदा म्हणाली.

दोनच दिवसांनी धुळ्याला, ती काम करायची त्या वाचनालयात फोन आला. ती पिंप्राळ्याला आईच्या घरी पोचली तेव्हा आईला ओसरीवर निजवलेलं होतं.

दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली. भुऱ्या खाटेखालून निघेना. शेजारच्या यशोदाबाईंनी वाटीभर म्हशीचं दूध आणलं. तो प्यायला आणि ओकला.

"त्याले मंदाबाईना हातनंच लागस, माय," त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन गेल्या.

कुंदाचं अंग दुखत होतं. तरी तिनं दाणे भिजवले, सूप घेऊन बसली. एक दाणा कडू लागला, तशी ती सगळी मूठ तिनं टाकून दिली. वाटलं, गाळलं, भुऱ्याच्या वाटीत ओतलं. त्यानं वाटी हुंगली, दाराकडे पाहिलं. मग हळूहळू चाटू लागला.

पातेल्यात थोडं उरलं होतं. ते तिनं आईच्या कपात घेतलं. उभ्यानंच प्यायली.

"चांगलं शे, माय," रिकाम्या स्वयंपाकघरात ती मोठ्यानं म्हणाली. "पहिलेपासून चांगलंच व्हतं."